पिट्सबर्गच्या वाटेवरचा रातकिडा

अमेरिकेतली पहिली दहा वर्षं ज्यांनी जुन्या गाड्यांवर काढली, त्यांना गाडीखरेदीचा सोहळा वेगळा वर्णन करून सांगायला नको. आपण रंग बघतो, सीटवर डाग किती ते बघतो, मुलं मागच्या मागे भांडायला लागतात, आणि नवरा बॉनेट उघडून आत असा गंभीरपणे बघत उभा राहतो की जणू सत्यनारायणाची पोथीच वाचतोय. मग टायरला दोन लाथा. त्या कशासाठी मारतात हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

१९९३ च्या जूनमध्ये आम्ही अशीच एक स्टेशन वॅगन घेतली. सात वर्षांची, ८८,००० मैल पळालेली, किंमत २,६०० डॉलर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नव्हता. विकणारा माणूस गोड बोलणारा होता. “ब्रेक नवेकोरे आहेत,” असं म्हणून त्यानं पावतीही दाखवली. आमच्या ह्यांनी ती वाचून घडी घालून पाकिटात ठेवली. ही पावती पुढे कथेत येणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

तिसऱ्या आठवड्यात आवाज सुरू झाला. ‘ची... ची... ची...’ बारीक, धारदार, अगदी रातकिड्यासारखा. गाडी उभी असताना नाही. गल्लीत हळू जाताना नाही. पंचवीसच्या वर वेग गेला की सुरू. आणि गंमत म्हणजे मोकळ्या रस्त्यावर नाहीसा व्हायचा, पण पार्क केलेल्या गाड्यांच्या रांगेवरून गेलं, किंवा हायवेच्या मधल्या त्या काँक्रीटच्या बुटक्या भिंतीला (आमच्या न्यू जर्सीचीच देणगी, जगभर तिला जर्सी बॅरियर म्हणतात) घसटून गेलं की परत हजर. वॅगनचा एअर कंडिशनर नावापुरता होता, त्यामुळे काचा खाली असायच्या आणि माझ्या कानात तो किडा बसलेला असायचा.

“अहो, ऐकलंत?”

“काय?”

“तो आवाज.”

“कुठला आवाज?”

हा संवाद आमच्याकडे त्या उन्हाळ्यात किमान शंभर वेळा झाला असेल. मी म्हणावं आवाज येतो, ह्यांनी म्हणावं नाही येत. शेवटी एक दिवस हे म्हणाले, “रातकिडा गाडीत नाही, तुझ्या डोक्यात आहे.” मी त्या दिवशी आमटीत मीठ घातलं नाही. मुद्दाम नव्हे, पण घातलं नाही खरं.

तरी त्यांनी हात टेकले नाहीत, हे कबूल करायला हवं. माणूस मुळात टेक्स्टाइलचा, व्हीजेटीआयचा डिप्लोमा; यंत्राची भीती नाही. शेजारचे गुजराती भाई आले, “बेल्ट छे,” म्हणाले आणि इंजिनच्या पट्ट्याला साबणाची वडी घासून गेले. पट्टा ओरडत असता तर उभ्या गाडीतही इंजिन रेझ केल्यावर ओरडला असता. तो ओरडत नव्हता. मग चाकांच्या चकत्या काढून ठेवल्या, कारण त्या सैल झाल्या की करकरतात म्हणे. किडा तिथेच. मग ह्यांनी बॅटरी घेऊन चाकाच्या फटीतून ब्रेकच्या पॅडची जाडी बघितली. “भरपूर शिल्लक आहे,” म्हणाले, आणि पाकिटातली पावती मला दाखवली. शेवटी गाडी एका गराजमध्ये नेली. तिथल्या माणसानं काचा वर करून, रेडिओ लावून गावातून एक चक्कर मारली आणि बिलावर लिहून दिलं की ग्राहकाने सांगितलेला आवाज आढळला नाही. त्याचे ३५ डॉलर.

यानंतर मी गप्प बसले. एखादी गोष्ट तुम्हाला ऐकू येते आणि घरातल्या कर्त्या माणसाला येत नाही, गराजवाल्यालाही येत नाही, तर मग काय समजायचं? मुलांना विचारलं असतं तर मिटलं असतं, पण मुलं मागे कानाला वॉकमन लावून बसायची.

ऑगस्टमध्ये सासूबाई आल्या होत्या. लालबागच्या चाळीतून पहिल्यांदाच विमानात बसलेल्या, वय अडुसष्ट. नायगारा नको, डिस्ने नको. त्यांना एकच हवं होतं, पिट्सबर्गचा बालाजी. त्या काळी आपल्याकडे आलेल्या आईवडिलांची ही यात्रा ठरलेली असे. पेन हिल्सच्या टेकडीवरचं श्री वेंकटेश्वराचं ते पांढरंशुभ्र देऊळ १९७७ सालचं. फ्लशिंगचा गणपतीही त्याच वर्षीचा. गावोगावी देवळं व्हायच्या आधी ओहायोपासून जर्सीपर्यंतची माणसं तिरुपतीचा नवस पिट्सबर्गला फेडत. आमच्या एडिसनहून साधारण ३४० मैल. नव्या गाडीतून जायचं ठरलं. नव्या म्हणजे आमच्या नव्या.

शनिवारी पहाटे पाचला निघालो. बरोबर दशम्या, दह्यातली चटणी, लिंबाचं लोणचं, थर्मासमध्ये चहा. सासूबाईंनी नऊवारीवर माझा स्वेटर आणि पायात नातीचे स्नीकर्स घातले होते आणि त्या अतिशय ऐटबाज दिसत होत्या. २८७ वरून ७८ वर, डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात. अॅलनटाउनपुढे शेतं सुरू होतात, लाल कोठारं, मक्याचे उभे पट्टे. सासूबाई म्हणाल्या, “एवढं पीक, पण माणूस एक दिसत नाही रानात.” खरंच आहे. इतक्या वेळा गेले पण माझ्या ते डोक्यात आलं नव्हतं.

टेपवर भीमसेनांचे अभंग लावले होते. ह्यांची एक सवय होती, ट्रेबलचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवायचे. आम्हाला दात आंबल्यासारखं व्हायचं. आणि वर तक्रार, “हल्लीच्या कॅसेटमध्ये टाळ नीट रेकॉर्ड करत नाहीत.” मी मनात म्हणे, टाळ तर डोकं उठवतायत. पण सकाळी सकाळी कोण बोलणार.

हॅरिसबर्गवरून ८१ ने कार्लाइलला आलो. इथे एक मजा आहे. ८१ नंबरचा हायवे आणि टर्नपाइक एकमेकांना ओलांडतात, पण जोडलेले नाहीत. मधला तुकडा गावच्या रस्त्यानं, ट्रकवाल्यांच्या थांब्यांमधून आणि सिग्नलवर ताटकळत काढावा लागतो. मग टोलनाका, तिकीट, आणि समोर डोंगर.

या टर्नपाइकबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण आपण आपल्या बोरघाटाचं कौतुक करतो तसं इथल्या लोकांना याचं आहे. १ ऑक्टोबर १९४० ला कार्लाइल ते अर्विन असा १६० मैलांचा रस्ता खुला झाला. सिग्नल नाही, चौक नाही, समोरून येणारी गाडी नाही. पुढे देशभर झालेल्या हायवेंचा हा थोरला भाऊ. पण बोगद्यांची गोष्ट त्याहून जुनी आहे. १८८० च्या दशकात व्हँडरबिल्टनं पेनसिल्व्हेनिया रेलरोडला शह द्यायला या डोंगरातून दुसरी रेल्वे काढायला घेतली, कार्नेगीचा त्याला पाठिंबा. शेकडो माणसं डोंगर फोडत होती. मग १८८५ मध्ये जे. पी. मॉर्गननं दोन्ही रेल्वेवाल्यांना आपल्या बोटीवर बोलावून, हडसन नदीत फिरवत त्यांची दिलजमाई करून दिली, आणि काम आहे तसं टाकून दिलं गेलं. अर्धवट बोगद्यांत पन्नास वर्षं पाणी साचून राहिलं. टर्नपाइकच्या सात बोगद्यांपैकी सहा त्या जुन्या भोकांतून काढलेले आहेत. सावकारांच्या भांडणात खणलेलं आणि सावकारांच्या समेटात सोडून दिलेलं. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “मग आमच्या गिरण्यांसारखंच की.”

पश्चिमेकडे जाताना पहिला येतो ब्ल्यू माउंटनचा बोगदा. ४,३३९ फूट. तेव्हा वेगाची मर्यादा ५५ ची होती, म्हणजे आत जेमतेम पाऊण-एक मिनिट. डोंगराचं तोंड जवळ आलं, टेपचा आवाज ह्यांनी कमी केला, काचा खालीच होत्या, आणि आम्ही आत शिरलो.

मंडळी, काय सांगू! बाहेर ज्याला मी रातकिडा म्हणत होते त्याचा आत शिट्टी मारणारा पोलीस झाला. दोन्हीकडच्या टाइलच्या भिंतींवरून तो आवाज असा उलटून आला की मागे धाकट्याने कानातलं वॉकमन काढून ओरडून विचारलं, “व्हॉट इज दॅट?” लेकीनं कानावर हात ठेवले. सासूबाई म्हणाल्या, “मला वाटलं अमेरिकेतल्या गाड्या अशाच ओरडतात. आल्यापासून ऐकतेय.”

म्हणजे आजी आल्यापासून ऐकतेय! मला हसावं की रडावं कळेना. मी विजयी मुद्रेनं ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा चेहरा कोरा. “तुम्ही सगळे माझी चेष्टा करताय का?”

ब्ल्यू माउंटन संपतो आणि लगेच किटाटिनीचा बोगदा सुरू होतो. मध्ये सहाएकशे फुटांचं मोकळं आकाश, सात-आठ सेकंदांचं. तेवढ्यात माझी तेरा वर्षांची लेक, जिला घरी ताट उचलायला चार वेळा सांगावं लागायचं, पुढच्या सीटवर वाकून म्हणाली, “बाबा, आत गेल्यावर ब्रेकवर अगदी हळू पाय ठेव. मग सोड. मग न्यूट्रल.” शाळेतल्या सायन्स फेअरचं भूत तिच्या अंगात शिरलं होतं. हे वैतागले होते, पण प्रयोग म्हटला की ह्यांना मोह आवरत नाही.

आत शिरलो. ची-ची-ची. अलगद ब्रेक लावला. बंद! पाय उचलला. सुरू. पुन्हा ब्रेक, पुन्हा बंद. गियर न्यूट्रलला टाकला, इंजिनची घरघर खाली गेली, पण किडा आपल्या जागी चालूच. म्हणजे इंजिन नाही, गियर नाही, बेल्ट तर नाहीच. चाकाबरोबर फिरणारं आणि ब्रेक लावला की गप्प बसणारं काहीतरी. लेक प्रत्येक वेळी मोठ्यानं “ऑन! ऑफ!” ओरडत होती, आणि हे तिच्या ओरडण्यावरून समजून घेत होते. हे मला तेव्हा जाणवलं नाही. नंतर जाणवलं.

टस्कारोराचा बोगदा तिथून दहा-एक मैलांवर. मधल्या वेळात गाडीत नुसता गदारोळ. बोगद्यात लेन बदलायची नसते, म्हणून आधीच डाव्या लेनमध्ये जाऊन फक्त डावीकडच्या काचा उघड्या ठेवल्या. डावी भिंत हाताच्या अंतरावर, आणि आवाज अगदी मंद, लांबून आल्यासारखा. मग डाव्या बंद करून उजव्या उघडल्या, तर भिंत इतकी दूर असूनही स्पष्ट. उजवं चाक. आणि माझ्या खिडकीत जास्त, सासूबाईंच्या खिडकीत कमी, म्हणजे पुढचं उजवं. ५,३२६ फुटांचा बोगदा पुरला. दोन महिने जे कळलं नव्हतं ते तीन डोंगरांनी तीन मिनिटांत सांगितलं.

साइडलिंग हिलच्या विसाव्यावर थांबलो. हे गुडघ्यावर बसले, बॅटरीनं आत पाहिलं. पॅड बाहेरून जाड दिसत होतं. “बघ, आहे की शिल्लक. देवळापर्यंत जाऊ, परत आल्यावर दाखवू.”

पुढे अॅलेघेनीचे उतार. गाडीत दोन मुलं आणि एक म्हातारी. आणि ब्रेक लावला की बंद होणारा आवाज. मी म्हटलं, “किल्ली द्या.”

“काय?”

“किल्ली द्या. मी चालवते. पुढच्या एक्झिटला उतरायचं.”

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत अशा स्वरात मी बोलले नव्हते, तेही आईंच्या देखत. हे काही क्षण माझ्याकडे बघत राहिले, मग किल्ली दिली आणि उजवीकडे जाऊन बसले. ब्रीझवूडपर्यंतचे ते मैल मी चाळीसच्या वेगानं काढले. मागचे ट्रक हॉर्न मारत होते. गाडीत कुणी बोलत नव्हतं.

ब्रीझवूड ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. गाव म्हणण्यासारखं काही नाही; मोटेल, पेट्रोल पंप आणि हॅम्बर्गरच्या उंच उंच पाट्या. इंटरस्टेट ७० वरून जाणाऱ्या प्रत्येकाला इथे हायवे सोडून सिग्नलला उभं राहावंच लागतं, म्हणून हे गाव. एका पंपामागे गराज होतं. तिथला मेकॅनिक साठीचा, कानात पेन्सिल, शनिवार म्हणून दुपारी बंद करायच्या बेतात. त्यानं आमचं ऐकून घेतलं. बोगद्यातल्या प्रयोगाचं ऐकलं तेव्हा माझ्या लेकीकडे वळून म्हणाला, “तू सांगितलंस ते पुरे. चाक काढायचीही गरज नाही. पण काढतो.”

चाक उतरल्यावर त्यानं आम्हाला जवळ बोलावून दाखवलं. ब्रेकच्या तबकडीच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतं. बाहेरचं फटीतून दिसतं, ते ठीक होतं. आतलं दिसत नाही, ते झिजून पत्र्यापर्यंत आलं होतं. ज्या पिनेवर ब्रेकची पकड सरकते ती गंजून अडकली होती, त्यामुळे सगळं घर्षण एकट्या आतल्या पॅडवर. आणि त्या पॅडला एक छोटीशी पोलादी जीभ होती. पॅड ठरावीक जाडीच्या खाली गेलं की ही जीभ तबकडीला टेकते आणि किंचाळते. ब्रेक लावला की दाबली जाते आणि गप्प बसते. “ती बिघडलेली नाही,” तो म्हणाला, “ती तिचं काम करतेय. ड्रायव्हरला ऐकू यावं म्हणून मुद्दाम तशी बनवलेली असते.”

ह्यांनी पाकिटातून ती पावती काढली. मेकॅनिकनं चष्मा वर करून वाचली. नवे ब्रेक खरेच होते. मागच्या चाकांचे.

दोन तास लागतील म्हणाला, तबकडीही तासून द्यायची होती. हे त्याच्याशी पिनेबद्दल बोलत उभे राहिले. मी आणि सासूबाई बाहेरच्या बाकावर. थर्मासमधला चहा त्यांच्या हातात दिला, पण त्या पीत नव्हत्या.

“अगं, ह्याला ऐकू येत नाही.”

“हट्टी आहेत आई, दुसरं काय.”

“हट्ट नव्हे. ह्याच्या बाबांचं असंच झालं होतं. चाळिशीनंतर चिमण्या ऐकू येईनात. मी म्हणायची, सकाळी किती चिवचिवतात, तर म्हणायचे मुंबईतल्या चिमण्या मेल्या सगळ्या. दार वाजलं तर ऐकायचे. ढोल ऐकायचे. पण चिमण्या नाहीत, आणि माझं बोलणं नाही.”

सासरे साचेखात्यात होते, तीस वर्षं. आणि मुलगा शिकला तोही कुठे गेला, तर त्याच साचेखात्यात, सुपरवायझर म्हणून. ज्यांनी गिरणीत पाऊल टाकलेलं नाही त्यांना कल्पना येणार नाही. शेकडो साचे एका छताखाली, प्रत्येकाचा धोटा मिनिटाला दीडशेच्या वर वेळा या टोकाचा त्या टोकाला आपटतोय. ९५-१०० डेसिबलच्या घरातला आवाज, आठ तास, रोज. माणसं तिथे हातवारे करून आणि ओठ बघून बोलतात. लग्नानंतर एकदा मी डबा द्यायला गेले होते, तर दारातूनच परत फिरले. हे कानात कापसाचा बोळा घालायचे, तोही कधी आठवला तर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि साचे थांबले ते ह्यांच्यापुरते कायमचेच. नणंदेनं इकडे बोलावलं, १९८४ मध्ये आम्ही आलो. मी समजत होते की गिरणी मागे राहिली.

“तू ओठ दाखवून बोल त्याच्याशी,” सासूबाई म्हणाल्या. “मी तसंच करायची.”

वेळ होता म्हणून मेकॅनिकचा पोऱ्या आम्हा चौघांना पिकअपमधून जुना रस्ता दाखवायला घेऊन गेला. सासूबाई बाकावरच थांबल्या, गुडघे दुखत होते. जुना रस्ता म्हणजे मूळ टर्नपाइकचाच तेरा मैलांचा तुकडा. सुरुवातीला बोगदे एकेरी होते, दोन्ही बाजूंची वाहतूक त्याच नळीतून जायची आणि सुट्टीच्या दिवशी मैल मैल रांगा लागायच्या. काही डोंगरांत दुसरी नळी खोदली, पण रेज हिल आणि साइडलिंग हिल इथे त्यांनी वळसा घालून नवा रस्ताच केला, आणि १९६८ मध्ये हा तुकडा बोगद्यांसकट सोडून दिला.

गावाबाहेर आम्ही त्याच्या तोंडाशी उतरलो. चार लेनचा हायवे, आणि त्यावर एकही गाडी नाही. डांबर उन्हानं पांढरं पडलेलं, भेगाभेगांतून गवत आणि पिवळी फुलं, मधल्या पट्ट्यात चांगली मनगटाएवढी झाडं उगवलेली. धाकटा मधोमध जाऊन आडवा झोपला, केवढी हौस! दोन्ही बाजूंना जंगल, आणि ऑगस्टची दुपार, त्यामुळे किडे. असंख्य किडे. झाडांवरचे, गवतातले, भेगांतले. इतका एकसारखा कर्कश कल्लोळ की शेजारच्याशी बोलायला आवाज चढवावा लागत होता.

हे रस्त्याच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून दूर वळणाकडे बघत उभे होते. मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, “काय शांतता आहे ना!”

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. तिचं तोंड उघडलं होतं, मी मान हलवली, तिनं मिटलं. मग ती बापाजवळ गेली आणि त्याच्या समोर, तोंडासमोर जाऊन उभी राहिली. “हो बाबा,” म्हणाली. एवढंच.

या मुलीला हे रोज रागवायचे. “तोंडातल्या तोंडात बोलू नकोस.” बारीक आवाजाची मुलगी. ती एक सांगायची, हे भलतंच उत्तर द्यायचे, आणि ती पाय आपटत खोलीत जायची. आपल्या बापाला आपल्याशी काही घेणंदेणं नाही असं ती मला एकदा म्हणाली होती. मी त्यावर तिला वयाचा, अमेरिकेचा, कशाकशाचा दोष दिला होता.

नव्वद-एक डॉलर झाले. गाडी घेऊन निघालो तेव्हा हे पुन्हा चालवत होते. बेडफर्ड गेलं, चढ लागला, आणि अॅलेघेनीचा बोगदा आला. चौघांत हाच सर्वांत लांब, ६,०७० फूट. ह्यांनी स्वतःहून आपली काच खाली केली. टायरांची घरघर, ट्रकचे आवाज, बाकी काही नाही.

“येतोय?” ह्यांनी मागे न बघता विचारलं.

“नाही बाबा,” लेक मोठ्यानं म्हणाली.

बराच वेळ गेला. पलीकडचा उजेड दिसायला लागला. मग हे म्हणाले, “मला तेव्हाही नव्हता येत.”

मनरोव्हिलच्या एक्झिटला उतरून देवळात पोचायला संध्याकाळ झाली. सासूबाईंनी टेकडीखालूनच गोपुराला हात जोडले. दर्शन छान झालं. तळमजल्यावर चिंचेचा भात आणि दहीभात खाल्ला. सासूबाईंचं मत पडलं की भात उत्तम, पण बालाजीला मराठी समजतं की नाही याची शंका आहे, म्हणून त्यांनी मागणं दोनदा मागितलं. काय मागितलं ते विचारलं नाही.

सप्टेंबरमध्ये मी ह्यांना तपासणीला नेलं. कसं नेलं तो वेगळा लेख होईल. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. त्या बाईंनी कागद समोर ठेवला. जाड आवाजांची रेघ सरळ जात होती आणि बारीक आवाजांकडे, ४,००० च्या आकड्यापाशी, दोन्ही कानांची रेघ दरीत उतरावी तशी खाली गेली होती. कागद बघूनच त्यांनी विचारलं, “सैन्यात होता की कारखान्यात?” गेलेलं परत येत नाही, म्हणाल्या. स, फ, थ अशी अक्षरं आधी जातात. बायकांचे आणि मुलांचे आवाज जातात. पुरुषांचं बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून माणसाला वाटतं आपलं सगळं ठीक आहे, घरातलीच माणसं पुटपुटतात.

लेकीला हे सांगितलं तर ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, “म्हणजे बाबा मला इग्नोर नव्हता करत?” मी म्हटलं, सगळं नाही, पण बरंचसं.

कानाचं मशीन मात्र घ्यायला १९९६ उजाडलं. इन्शुरन्सनं एक पैसा दिला नाही, आणि खरं कारण म्हणजे ह्यांना ते लावून मंडळाच्या गणपतीला यायची लाज वाटत होती. चष्म्याची लाज नाही वाटत आपल्याला, कानाचीच का वाटते कोण जाणे. आपल्या मंडळात त्या वेळी निदान चार गिरणीवाले होते आणि त्यातले तीन “आँ?” करत बोलायचे, हे वाचून त्यांतल्या कुणाला राग आला तर येवो. पहिल्या दिवशी मशीन लावल्यावर ह्यांनी फ्रिजची तक्रार केली, वर्तमानपत्राच्या पानांची केली, माझ्या बांगड्यांची केली. रात्री मी स्वयंपाकघरात होते. दिवाणखान्यात तीच अभंगाची कॅसेट सुरू झाली. थोड्या वेळानं हाक आली, “अगं, ऐक ना. टाळ आहेत की यात!”

सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या, १९९५ मध्ये. ह्यांनी फोनवर आईचा आवाज शेवटचा कसा ऐकला असेल, ऐकला तरी असेल का, हा विचार माझ्या मनात अजून येतो. ह्यांना कधी विचारला नाही.

ती वॅगन १,६०,००० मैलांपर्यंत पळाली. ब्रीझवूडचा सोडून दिलेला रस्ता २००१ मध्ये एक डॉलरला एका संस्थेला दिला. आता लोक तिथे सायकली घेऊन जातात, रेज हिलच्या काळोख्या बोगद्यातूनही. टर्नपाइकवर हातात तिकीट देणारी माणसं २०२० पासून नाहीत, कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल घरी येतं. देवळात मात्र दहीभात मिळतो.

मागच्या उन्हाळ्यात परत गेलो, लेक चालवत होती, मागे तिची दोन मुलं. ब्ल्यू माउंटन जवळ आला आणि तिनं काही न बोलता चारही काचा खाली केल्या. ही आता आमच्या घरातली रीतच झाली आहे. गाडी नवी असो की जुनी, पहिल्या बोगद्यात सगळ्यांनी गप्प बसून ऐकायचं. नातवंडं डोळे मिटून कान टवकारून बसतात. हे मात्र बोगद्याचं तोंड दिसलं की दोन्ही कानांतली मशीनं काढून शर्टाच्या खिशात ठेवतात. आत फार गोंगाट असतो म्हणतात.